पुनारामचा हात

बालाघाटजवळच्या हट्टा गावात कुणाच्या अंगावर गाठ उठली, की तो माणूस आधी दवाखान्यात जात नसे, पुनाराम टेलरच्या दुकानात जात असे. पुनाराम हातातलं काम बाजूला ठेवायचा, डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत सरकवायचा, हात मशीनच्या फळीवर आडवा टाकायचा आणि म्हणायचा, "दाब. आता तुही गाठ दाब. सारखी लागते का?"

त्या हातावर कोपरापासून वर सात गाठी होत्या. सगळ्यात लहान बोराएवढी, सगळ्यात मोठी लिंबाएवढी. मळलेल्या कणकेसारख्या मऊ, बोट लावलं की कातडीखाली सरकणाऱ्या, ना दुखणाऱ्या ना खुपणाऱ्या. त्याच्या बापाच्या अंगावरही तशाच होत्या. तीस वर्षांपूर्वी नागपूरच्या एका डॉक्टराने पुनारामच्या हातावरची एक काढून, तपासून सांगितलं होतं की ही नुसती चरबी आहे, जन्मभर राहिली तरी काही बिघडत नाही. झालं. तेव्हापासून पुनारामचा हात हे गावाचं माप झालं. आपली गाठ त्याच्या गाठीसारखी लागली तर माणूस चहा पिऊन घरी जायचा. वेगळी लागली तर पुनाराम त्याला दम देऊन बालाघाटच्या दवाखान्यात धाडायचा.

हसण्यासारखं आहे, पण त्या हाताने भलंही पुष्कळ केलं होतं. पूर्वी लोक गाठीवर बिब्ब्याचं तेल लावायचे. गाठ आपल्या जागी राहायची आणि वरची कातडी भाजून निघायची. पुनारामने ते बंद पाडलं. आणि तीस वर्षांत त्याने चौघांना वेगळं काढून दवाखान्यात पाठवलं, ते चारही वेळा बरोबर निघालं. चौघांपैकी तिघं बरे होऊन आले. चौथा त्याचा जिवलग दोस्त प्रेमलाल. तो फार उशिरा गेला आणि परत आलाच नाही.

पुनारामची मुलगी संध्या शेजारच्या गावात सरकारी उपकेंद्रावर नर्स होती. नवरा महेंद्र मलाजखंडला खाणीत, शनिवारी यायचा. आई लीलाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून संध्या बापाजवळच राहत होती. या हाताच्या कारभारावरून तिचं आणि बापाचं नेहमी वाजायचं.

"बाबा, तुमचा हात म्हणजे काही मशीन नाई," ती म्हणायची.

"मशीन बंद पडते. हात कधी बंद पडला का?" पुनाराम म्हणायचा, आणि समोरचं गिऱ्हाईक हसायचं. बोलण्यात त्याला कुणी हरवलेलं नव्हतं.

नोव्हेंबरातला रविवार होता. संध्या अंगणात कपडे वाळत घालत होती. पुनारामचा पांढरा लेंगा तिने झटकला आणि दोरीवर टाकताना तो एका बाजूला वाकडा लोंबला. तिने सरळ केला, तरी वाकडाच. डावा पाय उजव्यापेक्षा रुंद होता. मांडीपाशी तर चांगला तीन बोटं रुंद.

पुनाराम टेलरच्या हातून लेंगा वाकडा? लोकांच्या पँटीत सुताचा फरक राहिला तर हा माणूस सगळी शिवण उसवून परत घालायचा. संध्याने लेंगा उलटा केला. पुनाराम आपल्या लेंग्यालाही पँटसारखी बाहेरच्या बाजूने उभी शिवण घालायचा आणि आत भरपूर माया ठेवायचा, म्हणजे दुमडलेलं जास्तीचं कापड, पुढे कधी सैल करायला लागलं तर असावं म्हणून. उजव्या पायाची माया जशीच्या तशी होती. डाव्या पायाची संपली होती.

तिथे तीन रेघा होत्या. पहिली उसवलेली, नुसती सुईची भोकं राहिलेली आणि त्यात पांढऱ्या धाग्याचे तुकडे. ही मूळची शिवण, चौदा एप्रिलच्या जयंतीला नवा लेंगा घातला तेव्हाची. तिच्यापासून अर्ध्या इंचावर दुसरी, तीही उसवलेली, तिच्यात निळा धागा. आणि त्यापुढे सव्वा इंचावर तिसरी, भगव्या धाग्याने घातलेली, अजून पक्की.

संध्या तिथेच ओट्यावर बसली. पांढऱ्या कपड्यावर निळा धागा. जो माणूस गिऱ्हाइकाच्या बटणालासुद्धा मिळता धागा शोधत अर्धा तास घालवतो, त्याने आपल्या लेंग्याला निळा आणि भगवा घातला. म्हणजे धागा बदलायलाही वेळ नव्हता. दुपारी दुकान मिटलेलं असताना, कुणी यायच्या आत, मशीनवर जो होता त्याच धाग्याने घाईघाईने मारून घेतलं. निळा म्हणजे जुलै, शाळेच्या गणवेशांचं काम तेव्हा होतं. भगवा म्हणजे सप्टेंबरची अखेर, दुर्गा मंडळाचे चाळीस कुर्ते शिवायला आले होते तेव्हा. एप्रिल ते जुलै अर्धा इंच. जुलै ते सप्टेंबर सव्वा इंच. आणि आता नोव्हेंबर.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तिला बापाचा इतका राग आला की हातातला ओला लेंगा तिने पिळून पिळून अर्धा कोरडा करून टाकला, आणि मग रडू आलं.

पुनाराम जेवायला आला तेव्हा तिने ताट वाढलं नाही. "बाबा, मांडीले काय झालं?"

"कोणाच्या?"

"तुमच्या. डाव्या."

पुनारामने हात धुतले, पुसले, पाटावर बसला. "तेच ते. हातावर आहे तेच. माह्या बापालेही मांडीले होती."

"दाखवा."

"बापाची मांडी पाह्यशीन का आता?" तो ओरडला. "लाज नाई वाटत?"

"मी नर्स आहो, बाबा. दिवसभर मी तेच करतो."

"तिथं कर. इथं तू माही पोरगी आहेस. ताट वाढ."

ती हलली नाही. दोघंही हट्टी, एकाच मुशीतले. भात निवला, वरणावर साय धरली. शेवटी पुनारामच म्हणाला, "बालाघाटले चाल म्हणत असशीन तर चालतो. पण तिथं मीच बोलीन. तू मधात बोलायचं नाई."

"हौ," संध्या म्हणाली. तिने हे वचन पाळायचं नाही असं तेव्हाच ठरवलं होतं. आत जाऊन तिने तो लेंगा घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुलीचंदची जीप सांगितली. दुलीचंद शेजारचाच, पस्तिशीचा, जीप चालवायचा आणि तोंड त्याहून जास्त चालवायचा. त्याच्या उजव्या खांद्यामागे एक गाठ होती. गेल्या वर्षी पुनारामने सदऱ्याचं माप घेताना ती बोटाला लागली, दाबून पाहिली आणि सारखी आहे म्हणून सांगितलं. तेव्हापासून दुलीचंदला त्या गाठीचं भारी कौतुक.

"काका, तुमी कायले जाता दवाखान्यात? तुमी तर आमचे डॉक्टर," तो गिअर टाकत म्हणाला. "माही गाठ तुमच्या गाठीची लहान बहीण आहे. बिलकुल सुखात आहे, दोन टायमाले जेवते."

पुनाराम हसला नाही. संध्याने आरशात पाहिलं तर तो खिडकीबाहेर पाहत होता आणि त्याचा डावा तळवा मांडीवर दाबून ठेवलेला होता.

दवाखान्यात डॉक्टर दीप्ती म्हणून तरुण बाई होत्या. बोलायच्या हिंदीत, पण हात लावायच्या जपून. पुनारामने आधी हात पुढे केला. कापड दाखवावं तसा एक एक करून त्याने सातही गाठी दाखवल्या, कुठली कधी आली, कुठली कधीपासून तेवढीच आहे. डॉक्टर बाई प्रत्येक गाठ दोन बोटांत धरून हलवत होत्या.

"ये सब चरबी की हैं," त्या म्हणाल्या. "बढ़िया पहचानते हैं आप, काका. अब पैर दिखाइए."

पडदा ओढला गेला. संध्या पडद्याच्या या बाजूला उभी राहिली. वचन दिलं होतं ना. तिला फक्त आवाज ऐकू येत होते.

"दर्द होता है?"

"नाही."

"पैर कड़ा कीजिए. और कड़ा. अब ढीला छोड़िए." टेबल करकरलं. "काका, ये हाथ वाली जैसी नहीं है. वो चमड़ी के नीचे हैं, ये मांस के अंदर है. हिलती नहीं. कब से है?"

"तीस साल से."

"तीस साल से इतनी ही?"

"इतनी ही."

"बढ़ी नहीं? ठीक से सोचकर बताइए. बड़ी है, जाँच तो करानी ही पड़ेगी. लेकिन कितनी जल्दी, वो इसी बात पर है. तीस साल पुरानी है तो अगले महीने का नंबर लगा दूँगी."

संध्याने पडद्याची कड धरली. तिला वाटलं, आता सांगतील. माणूस कितीही हट्टी असला तरी आता सांगेलच. पुढच्या महिन्यात म्हणजे भगव्या रेघेच्या पुढे अजून एक रेघ.

"नहीं बढ़ी," पुनाराम म्हणाला.

संध्याने पडदा सारला. बाप टेबलावर लेंगा वर करून बसला होता, त्याने घाईने तो खाली ओढला. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पिशवीतून पांढरा लेंगा काढला, उलटा केला आणि डॉक्टरांच्या टेबलावर पसरला.

"मॅडम, मेरे बाबा टेलर हैं," ती म्हणाली. एकेका रेघेवर बोट ठेवत गेली. "ये अप्रैल की सिलाई. ये नीली जुलाई की. ये भगवी सितंबर की. एक ही पैर में. ये नहीं बताएँगे. इसलिए मैं कपड़ा लाई."

डॉक्टर बाईंनी खिशातली टेप काढून दोन्ही अंतरं मोजली. मग त्यांनी पुनारामकडे पाहिलं. त्याची मान खाली होती. आयुष्यभर लोकांच्या अंगाची मापं घेतलेला माणूस, त्याचं माप आज त्याच्याच शिवणीने दिलं.

"आज ही सोनोग्राफी," त्या म्हणाल्या. "कल गोंदिया में एमआरआई. फिर सुई से टुकड़ा निकालकर जाँच. बेटी, तुम नर्स हो? तो तुम्हें पता है कि मैं जल्दी क्यों कर रही हूँ."

संध्याला ठाऊक होतं. मोठी, खोल, वाढणारी. तिन्ही गोष्टी एकाच गाठीत.

सोनोग्राफीच्या बाकावर दोघं शेजारी बसले. पुनाराम पिशवीतल्या लेंग्याची कड बोटांत चाळवत होता.

"मले पहिल्या दिवशीच समजलं होतं," तो एकदम म्हणाला. "बोटाले समजते, संध्या. सातही गाठी माह्या ओळखीच्या. ही ओळखीची नव्हती."

"मंग काहून नाई सांगतलं? दुसऱ्याले तुमी असेच सोडता का?"

"प्रेमलालले मीच पाठवलतं. तोंड भरून शिव्या देऊन पाठवलतं. गेला तो आलाच नाई." त्याने रुमालाने तोंड पुसलं. "दुसऱ्याले जाय म्हणणं लय सोपं असते पोरी. मले भ्या वाटलं."

बासष्ट वर्षांचा तिचा बाप भीती वाटल्याचं कबूल करत होता. एवढ्या वेळचा तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने त्याचा हात हातात घेतला, त्या सात गाठींसकट.

पुढचे अकरा दिवस रिपोर्टची वाट पाहण्यात गेले. फोन वाजला की संध्या हातातलं टाकून धावायची. दुकान उघडं असायचं, मशीन चालायची, पण पुनाराम बाही खाली ओढून बसायचा. अंजना नावाची शाळेत स्वयंपाक करणारी बाई मानेवरची गाठ दाखवायला आली, तर तो म्हणाला, "आज नाई, अंजना. हात बंद आहे." ती बिचारी गोंधळून परत गेली. गावात कुजबुज सुरू झाली.

बाराव्या दिवशी डॉक्टर दीप्तींचा फोन आला. संध्याने ऐकून घेतलं, दोनदा विचारून घेतलं आणि दुकानात गेली. पुनाराम काज करत होता.

"वाईट जातीची आहे, बाबा," तिने सरळ सांगितलं. घोळवून सांगितलेलं त्याला चाललं नसतं. "पण दुसरीकडं कुठंच गेली नाई. फुफ्फुस साफ आहे. नागपूरले परवा भरती, मंग ऑपरेशन. मॅडम म्हणाल्या, अजून एकदा लेंगा सैल केला असता तर पाय वाचला नसता. आता वाचते."

पुनारामने काज पुरं केलं, दोरा दाताने तोडला. "उद्या कोण कोण घरी असते?" त्याने विचारलं.

"काहून?"

"साऱ्यायले बलाव. ज्याच्या ज्याच्या अंगावर गाठ आहे, आणि ज्याले मी घरी जाय म्हणलतं, त्या साऱ्यायले. उद्या दुपारी विहारात."

दुसऱ्या दिवशी दुपारी बुद्धविहाराच्या अंगणात तीसेक माणसं जमली. जयभीम झाला, कुणी नमस्कार केला, बायका एका बाजूला बसल्या. पुनाराम खुर्चीवर बसला. त्याच्या अंगावर तोच पांढरा लेंगा होता. संध्याला कळेना, हा काय करणार. मांडी काय अशी चारचौघांत, बायाबापड्यांपुढे उघडी टाकणार?

पुनारामने खिशातून छोटी कात्री काढली. बसल्या बसल्या त्याने डाव्या पायाच्या शिवणीतले भगवे टाके कापले, बरोबर चार बोटांपुरते, कमी नाही की जास्त नाही. शिवण उघडली. बाकी पाय झाकलेला, आणि मधे नुसती गाठ दिसावी एवढीच फट. मग त्याने डावी बाही वर सरकवली.

"ऐका," तो म्हणाला. "तीस वर्षं मी तुमाले एकच बाजू शिकवली. ही हाताची, ही चांगली. हिले दाबून पाहा. मऊ आहे, सरकते, वर्षानुवर्षं तेवढीच राह्यते. आता ही मांडीची दाबा. ही नाई सरकत. ही खोल आहे, आणि सा महिन्यात लिंबाचं संत्रं झालं. दुखत नाई, म्हणून भुलू नका. आता नागपूरले ही कापून टाकतीन. मंग तुमाले दाखवाले माह्यापाशी राहणार नाई. म्हणून आजच पाहून घ्या. आणि एक ध्यानात ठेवा. माह्या हातासारखी लागली, तरी वाढली का जा. शंका आली का जा. मीही चुकतो. मी सोतासाठीच खोटं बोललो."

मग अंजना उठली. पदर सावरून पुढे आली, आधी हाताची गाठ दाबली, मग डोळे मिटून मांडीची, मग स्वतःच्या मानेची. "माही सरकते, काका," ती म्हणाली आणि तिथेच मटकन खाली बसून हसली.

"तरी एकदा दाखवून ये," पुनाराम म्हणाला.

मग रांग लागली. माणसं, बाया, एक एक करून येत होती, दोन गाठी दाबत होती आणि तिसरी आपली. पुनाराम प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होता. अनोळखी बोटं त्याच्या मांडीला लागत होती आणि त्याच्या कपाळावर घाम होता, पण त्याने पाय हलवला नाही. संध्या त्याच्या खुर्चीमागे उभी होती. तिला बापाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता आणि इतकी भीतीही.

दुलीचंद जीपला टेकून उभा होता. उद्या पहाटे नागपूरला तोच नेणार होता. रांग संपत आली तरी तो येईना. "माही तर पास झाली आहे ना काका, मागच्याच वर्षी," तो लांबूनच ओरडला. "लहान बहीण ते!"

"ये," पुनाराम म्हणाला.

तो हसत हसत आला. हाताची गाठ दाबली. "ही आपली." मग वाकून मांडीची दाबली. एकदा दाबली, परत दाबली, या बाजूने, त्या बाजूने. त्याचा उजवा हात गाठीवरच होता. डावा हात हळूहळू वर गेला, उजव्या खांद्यावरून मागे, आणि तिथे थांबला. अंगणात बाकीचे बोलत होते, कुणाचं लक्ष नव्हतं. संध्याचं होतं. दुलीचंदच्या तोंडावरचं हसू थोडं थोडं उतरताना तिने पाहिलं.

"काका," तो अगदी हळू म्हणाला. "तुमी म्हणलतं, सारखी आहे."

"हौ. तवा होती. इकडे पाठ कर."

पुनारामने त्याचा सदरा मागून वर केला आणि बोटं ठेवली. फार वेळ ठेवली. बोटांनी दाबलं, सरकवून पाहिलं, खांदा ताठ करायला लावून परत दाबलं. संध्या बापाचं तोंड पाहत होती. तेच तोंड, दवाखान्यात शिवणीची मापं घेतली तेव्हाचं.

पुनारामने सदरा नीट खाली ओढला. खिशातून सुई काढली, तिच्यात पांढरा धागा ओवला आणि आपल्या लेंग्याची शिवण बारीक टाक्यांनी बंद करू लागला. दुलीचंद तसाच पाठमोरा उभा होता.

"उद्या गाडी तूच चालवशीन ना?" पुनारामने विचारलं.

"हौ, काका."

"मंग तिथं बाहेर गाडीत बसून राह्यजो नको. माह्यासंगं आत येजो."